वाड्यांतील भूत आणि मनांतील घाव

गेल्या दहा वर्षांत आपल्या कोंकणांतील एका लहानशा गांवाचें नांव महाराष्ट्रांत घरोघरीं जाऊन पोहोंचलें. कुडाळाहून सावंतवाडीकडे जातांना लागणारें आकेरी हें तें गांव. झी मराठी वाहिनीवर २०१६ सालीं ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली, २०१९ सालीं तिचा दुसरा व २०२१ सालीं तिसरा भाग निघाला, आणि आकेरीचा नाईकांचा वाडा जणूं आपल्याच आळींत आहे अशा आपुलकीनें लोक त्याविषयीं बोलूं लागले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ पर्यंत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. तेव्हां तेथील माड, चिऱ्याच्या भिंती, मागलें दार, विहीर आणि तुळशीवृंदावन हें सर्व मांडवीच्या प्रेक्षकांस ओळखीचें वाटावें यांत नवल नाहीं. पात्रांच्या तोंडची मालवणी बोलीही आपणांस परकी नाहीं.

मालिका रात्रीं उशिरां लागत असे. दुसऱ्या दिवशीं पहिल्या तासास डोळे चोळीत बसलेलीं मुलें पाहिलीं म्हणजे ती कोणी कोणी पाहिली हें शिक्षकांस न विचारतां कळे. मधल्या सुटींतील चर्चाही तिचीच. एका विद्यार्थ्यानें एकदां आम्हांस विचारलें, “सर, अण्णा नाईक खरेच होऊन गेले काय?” ह्या प्रश्नाचें उत्तर सोपें होतें. अण्णा नाईक हें कल्पित पात्र असून माधव अभ्यंकर ह्या नटानें तें रंगविलें आहे, असें आम्हीं सांगितलें. परंतु त्यानें लागलीच दुसरा प्रश्न केला: “मग त्या घरांतलीं माणसें एवढीं भितात कशाला? आणि कोणी कोणाला कांहीं सांगत कां नाहीं?” हा दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा आहे. प्रस्तुत लेख त्याच्या उत्तरादाखल आहे, आणि तो पालकांनींही वाचावा अशी आमची विनंति आहे.

ज्यांनीं मालिका पाहिली नसेल त्यांच्याकरितां कथानक थोडक्यांत देतों. पहिल्या भागाच्या आरंभींच घरचे कर्ते पुरुष अण्णा मरण पावतात. मुंबईस राहणारा थोरला मुलगा, त्याची विज्ञाननिष्ठ पत्नी, गांवीं राहून शेतीवाडी पाहणारा दुसरा मुलगा, मुलगी, धाकटा मुलगा असें सारें कुटुंब वाड्यांत जमतें. मग चमत्कारिक गोष्टी घडूं लागतात. आणि आपण अण्णांची मुलगी आहों असें म्हणणारी सुषमा नांवाची स्त्री आपला हक्क मागत पुढें येते. दुसरा भाग काळानें मागें जातो. त्यांत अण्णा जिवंत आहेत. शेवंता नांवाच्या स्त्रीशीं त्यांचा संबंध, त्यांचा लोभ, त्यांच्या हातून झालेल्या हत्या हें सर्व प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर घडतें. म्हणजे आधीं मृत्यु आणि मागाहून जीवन, आधीं भय आणि मागाहून भयाचें कारण, असा हा उलटा क्रम आहे.

हा उलटा क्रम हेंच अशा सर्व कथांचें मुख्य यंत्र होय, आणि तें फार जुनें आहे. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत सोफोक्लीझ ह्या ग्रीक नाटककारानें ईडिपस राजाची कथा रंगभूमीवर आणिली. नगरांत रोगराई पसरते, आधींच्या राजाचा खुनी सांपडल्यावांचून ती जाणार नाहीं असें कळतें, म्हणून राजा स्वतः शोधास लागतो. आणि शोध संपतो तेव्हां शोधणारा व अपराधी एकच, इतकेंच काय, मेलेला राजा हा आपलाच पिता होता, असें त्यास उमगतें. आपल्याकडे कुंतीची कथा घ्या. लोकलज्जेस्तव तिनें पहिलें मूल नदींत सोडिलें, आणि युद्ध संपून तिलांजलि देण्याची वेळ येईपर्यंत तें धर्मराजास सांगितलें नाहीं. भावानें भावास मारिल्यानंतर नातें कळलें. त्या शोकांत धर्मराजानें स्त्रीजातीस शाप दिला कीं, यापुढें तुमच्याजवळ गुपित म्हणून राहणार नाहीं. आमच्या अल्प बुद्धीस असें वाटतें कीं, येथें धर्मराजाचा नेम चुकला. गुपित राखणारी दोषी ठरली. ज्या लोकलज्जेनें तें तिच्यावर लादिलें तिला शाप देण्याचें कोणास सुचलें नाहीं.

आतां कोंकणाकडे वळूं. मालिका सुरू झाली तेव्हां तिच्यामुळें कोंकणची बदनामी होते, अंधश्रद्धेस खतपाणी मिळतें, अशी ओरड झाली होती. ती अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. नरबळी, जादूटोणा व अघोरी प्रथा यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रांत २०१३ सालीं झाला, आणि त्यानंतर तीनच वर्षांत घरोघरीं रात्रीं भुतांचा खेळ सुरू झाला, हें कोणाही विचारी मनुष्यास खटकावें असेंच होतें. तथापि टीकाकारांनीं एक गोष्ट नजरेआड केली. कोंकणांत भूत हें पुष्कळदां कुटुंबांतील अन्यायाचें टोपणनांव असतें. घरांत आजार हटेना, मूल टिकेना, भावाभावांत वितुष्ट आलें, म्हणजे ‘घराण्यांत कांहीं दोष आहे’ असें म्हणतात आणि देवळांत जाऊन कौल लावितात. त्या कौलांतून निघतें काय? कोणा विधवा भावजयीचा हिस्सा बुडविलेला असतो. कोणा गरिबाची जमीन खोट्या कागदावर बळकाविलेली असते. कोणी एक सून विहिरींत पडलेली असते आणि ती आपण होऊन पडली कीं तिला कोणी ढकलली हें त्या वेळीं कोणी विचारलेलें नसतें. जी गोष्ट गांवांत सर्वांस ठाऊक असून कोणाच्याही मुखावाटे निघाली नाहीं, ती देवाच्या मुखावाटे वदविली जाते. कारण उघड आहे. माणसानें ती उच्चारिली तर भाऊबंदकीचें रण माजेल. देवानें उच्चारिली तर मान खालीं घालून ऐकावी लागते.

आपल्या घरांची रचनाही गुपितांस पोषक अशीच झाली. कर्ते पुरुष मुंबईस, गांवीं बायका, म्हातारीं माणसें आणि मुलें. खर्चाकरितां महिन्याची मनीऑर्डर. सातबाऱ्यावर तीन-तीन पिढ्यांचीं सामाईक नांवें. आणि गणपतीस व शिमग्यासच उघडणारीं दारें. चार दिवसांकरितां आलेल्या मुंबईकरापुढें घरचें गाऱ्हाणें काढून सणाचा विरस कोण करील? मग तें पुढल्या वर्षावर जातें, आणि पुढलें वर्ष कधीं येत नाहीं. नाईकांचा वाडा लोकांस खरा वाटला तो, आमच्या मतें, ह्या राहून गेलेल्या बोलण्यामुळें. दोषावरचा रूढ उपाय मात्र फसवा आहे. नारळ-कोंबडा दिला म्हणजे दोष फिटला असें मानितात. बुडविलेला हिस्सा बुडालेलाच राहतो, आणि जिच्यावर अन्याय झाला ती बाई जिवंत असली तर ‘तिच्या अंगांत येतें’ असें म्हणून तिला माजघराच्या कोपऱ्यांत बसविली जाते. तिचें रडणें सर्वांस ऐकूं येतें, परंतु तें तिचें आहे असें कोणी मानीत नाहीं.

न मानलेल्या मुलीच्या कथा केवळ मालिकेंत घडत नाहींत. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ पासून १९१६ सालीं मृत्यु येईपर्यंत आपल्या रत्नागिरींत बंदिवान होता, हें विद्यार्थी जाणतातच. त्याच्या थोरल्या राजकन्येस, पदरीं नोकरीस असलेल्या एका विवाहित गृहस्थापासून टूटू नांवाची मुलगी झाली. राजाची ही नात राजवाड्याच्या वैभवास कायमची अंतरली. ती रत्नागिरींतच, मराठी बोलत, गरिबींत संसार करीत वृद्ध झाली व २००० सालीं निवर्तली. आज पर्यटक राजवाडा पाहून जातात. तिच्याविषयीं विचारणारे थोडे.

आतां ‘घाव’ ह्या शब्दाकडे येऊं. इंग्रजी बोलण्यांत ज्यास ट्रॉमा म्हणतात तो मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ जखम असाच आहे. मराठींत आपण मानसिक आघात म्हणतों. शरीरास न लागतां मनास जखम होते, हें वैद्यकानें फार उशिरां मान्य केलें. पहिल्या महायुद्धांत खंदकांतून परतलेले कित्येक शिपाई थरथर कांपत, त्यांची वाचा बंद पडे, झोपेंत ते किंचाळत. अंगावर मात्र ओरखडाही नसे. चार्ल्स मायर्स ह्या डॉक्टरानें १९१५ सालीं ह्या व्याधीविषयीं ‘शेल शॉक’ ह्या नांवानें लेख लिहिला. तरीही पुष्कळांस भित्रे म्हणून हिणविण्यांत आलें. पलायन, भित्रेपणा इत्यादि आरोपांवरून ज्यांस आपल्याच सैन्यानें गोळ्या घातल्या अशा ३०६ सैनिकांस ब्रिटिश सरकारनें २००६ सालीं मरणोत्तर क्षमा केली. त्यांपैकीं कित्येक ह्या व्याधीनें पीडित असावेत असें आतां मानिलें जातें. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें ह्या विकारास आपल्या अधिकृत सूचींत स्थान दिलें तें १९८० सालीं.

ही जखम वागते कशी, हें समजून घेण्यासारखें आहे. आपल्या मेंदूंत बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नांवाचा एक भाग असतो. संकटाची वर्दी देणें हें त्याचें काम. घडलेली गोष्ट कोठें, केव्हां, कोणत्या क्रमानें घडली याची नोंद ठेवण्याचें काम मुख्यतः हिप्पोकॅम्पस नांवाच्या दुसऱ्या भागाकडे आहे. भय अतिशय तीव्र असलें म्हणजे वर्दी खोल कोरली जाते आणि नोंद विस्कळित राहते. म्हणून घटना संपून वर्षें लोटलीं तरी एखादा वास, जिन्यावरची पावलें, कडी सरकल्याचा आवाज एवढ्यानें छाती धडधडूं लागते. मनुष्यास वाटतें कीं तें आतांच घडत आहे. मोठीं माणसें निदान कांहीं सांगूं तरी शकतात. लहान मूल बोलत नाहीं, तें वागतें. सुटलेलें अंथरूण ओलें करणें पुन्हां सुरू होतें, अक्षर बिघडतें, हुशार मुलगी एकाएकीं मागें पडते, अमक्याच्या घरीं जाण्याचें नांव काढलें कीं पोटांत दुखूं लागतें. अर्थात् पोटदुखीचें कारण पुष्कळदां जंत हेंच असतें आणि गुण कमी पडण्याचें कारण चष्म्याचा नंबर; प्रत्येक मुलाच्या मागें रहस्यकथा शोधीत बसूं नये. परंतु एकाएकीं झालेला बदल टिकून राहिला तर तो दुर्लक्ष करण्याजोगा खासच नसतो.

मालिका ह्या विषयांत एक मोठी थाप मारितात. नायिकेस वीस वर्षें कांहींच आठवत नाहीं. मग वीज कडाडते, आरसा फुटतो, आणि सर्व प्रसंग जशाचा तसा डोळ्यांपुढें उभा राहतो. वस्तुतः आघात झालेल्या बहुतेकांची अडचण उलट असते. त्यांस तो प्रसंग विसरतां येत नाहीं. शिवाय स्मृति ही कांहीं कपाटांत ठेविलेली फीत नव्हे. एलिझाबेथ लॉफ्टस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चोवीस प्रौढांस, ‘तुम्ही लहानपणीं बाजारांत हरवलां होतां’ अशी न घडलेली गोष्ट घरच्यांच्या नांवानें सांगितली. त्यांपैकीं सुमारें चौथ्या हिश्श्यास ती थोडीबहुत ‘आठवूं’ लागली. म्हणून मुलाकडून कांहीं जाणून घेतांना त्याच्या तोंडीं शब्द घालणें धोक्याचें आहे. ‘अमक्यानें असें केलें ना?’ असें विचारण्याऐवजीं ‘काय झालें तें तुझ्या शब्दांत सांग’ एवढेंच म्हणावें आणि गप्प बसावें. हें गप्प बसणें आम्हां शिक्षकांस सर्वांत कठीण जातें.

भुताचा आधार न घेतां ह्याच विषयास हात घालणारी मराठी मालिकाही झाली आहे. झी युवा वाहिनीवरील ‘रुद्रम’ (२०१७) ही गिरीश जोशी यांनीं लिहिलेली व भीमराव मुडे यांनीं दिग्दर्शित केलेली मालिका ठराविक भागांत संपली, हा तिचा पहिला गुण. मुक्ता बर्वे यांनीं रंगविलेली रागिणी ही पती व मूल गमावलेली स्त्री आहे. ज्यास ती अपघात समजत होती तो घातपात होता असें तिला कळतें, आणि ती सूडास निघते. दुःखानें खचलेल्या बाईचें चित्र त्यांत फार संयमानें काढलें आहे. सूडानें मात्र जखम भरून येते असा समज प्रेक्षकांच्या मनांत उरतो, तो आम्हांस मान्य नाहीं.

ह्या सर्वांहून खोल गेलेली मराठी कृति दूरचित्रवाणीची नसून रंगभूमीची आहे: विजय तेंडुलकर यांचें ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, प्रथम प्रयोग १९६७. त्यांतील लीला बेणारे ही शिक्षिका आहे. हौशी नाटकमंडळी वेळ घालविण्याकरितां अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात, तिला आरोपी करितात, आणि बघतां बघतां खेळाआडून तिचें खरें आयुष्य चव्हाट्यावर येतें. कोंवळ्या वयांत नात्यांतील वडील पुरुषानें केलेला विश्वासघात आणि पुढें एका विद्वान म्हणविणाऱ्या गृहस्थानें केलेला विश्वासघात, अशा दोन जखमा ती बाळगून आहे. ज्यांनीं तिला फसविलें ते न्यायालयांत नाहींत. साक्षीपुरावा मात्र तिच्याविरुद्ध. शेवटीं तिला बोलण्याची संधि मिळते, आणि ती आपलें सारें मन मोकळें करिते. परंतु ती बोलत असतां रंगमंचावरील इतर सर्व पात्रें जागच्या जागीं गोठलेलीं असतात. तिचें म्हणणें प्रेक्षकांनीं ऐकलें. तिच्या जगांतील एकाही माणसानें ऐकलें नाहीं. ‘कोणी कोणाला कांहीं सांगत कां नाहीं?’ ह्या आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें इतकें नेमकें उत्तर दुसरीकडे आमच्या वाचनांत नाहीं. सांगणारा पुष्कळदां सांगत असतो.

परदेशांतील एका मालिकेचा येथें उल्लेख करणें अवश्य आहे, कारण तिचें स्थळ मांडवीसारखेंच समुद्रकांठचें आहे. इंग्लंडांत २०१३ सालीं ‘ब्रॉडचर्च’ ही मालिका सुरू झाली. अकरा वर्षांच्या मुलाचें प्रेत किनाऱ्यावर सांपडतें. गांव लहान, सर्व एकमेकांस ओळखणारे. संशय बाहेरच्यांवर, एकट्या राहणाऱ्यांवर, विक्षिप्तांवर जात राहतो. अखेर अपराधी निघतो तो तपास करणाऱ्या स्त्री अधिकाऱ्याचाच पति. आकेरीच्या वाड्यांत भय विहिरीच्या कांठीं किंवा मागल्या परसांत असतें. ब्रॉडचर्चमध्यें तें स्वयंपाकघरांत बसून चहा पीत असतें. वस्तुस्थिति कोणत्या चित्राजवळ आहे? भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांस विचारण्यांत आलें. दर तिघांपैकीं दोघांनीं मारहाण सोसली होती. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचें सांगितलें, मुलग्यांनींसुद्धां. अत्याचार करणाऱ्यांपैकीं निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा त्याच्या विश्वासांतील होते, आणि बहुसंख्य मुलांनीं तें कोणासही सांगितलें नव्हतें. पालकांनीं हे आंकडे शांतपणें दोनदां वाचावेत. पिंपळावरच्या भुताचें भय घालून मुलास सातच्या आंत घरांत घेणें सोपें आहे. घरांत कोण येतें जातें हें पाहणें त्याहून अवघड.

कायद्याविषयीं मालिकांनीं करून दिलेले गैरसमज थोडक्यांत दूर करितों. पोलिसांपुढें गुन्हेगारानें कबुली दिली कीं खटला संपला, असें पडद्यावर दिसतें; आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाहीं. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यांत होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही आहे. औषध टोंचून सत्य वदविणें हेंही व्यक्तीच्या संमतीवांचून करतां येत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं निर्णय दिला. बालकांच्या संरक्षणाचा पोक्सो नांवाचा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलावर अत्याचार झाल्याचें ज्यास कळेल त्यानें तें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. घराण्याची अब्रू ही सबब तेथें चालत नाहीं. मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्यास सोयीच्या ठिकाणीं, शक्य तोंवर स्त्री अधिकाऱ्यानें, गणवेश न घालतां घ्यावयाचा असतो. त्यास रात्रीं पोलिस ठाण्यांत ठेवतां येत नाहीं. आणि त्याचें नांव वृत्तपत्रांत छापतां येत नाहीं. संकटांतील मुलांकरितां १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आहे.

राहतां राहिली जखमेची शुश्रूषा. आपल्या रत्नागिरींत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ठाणें, पुणें व नागपूर येथील सरकारी मनोरुग्णालयांच्या मालिकेंतील तें आहे, आणि एकोणिसाव्या शतकापासून उभें आहे. शहरांतील मुलें एकमेकांस चिडवितांना त्याचें नांव घेतात, आणि दुर्दैवानें मोठेही घेतात. परिणाम असा होतो कीं, ज्यास झोप येत नाहीं, ज्यास जुन्या भयानें घेरलें आहे, असा मनुष्य त्या दारावरून मान फिरवून जातो आणि थेट कौल लावावयास देवळांत पोहोंचतो. वास्तविक पुष्कळ रुग्ण सल्ला व औषध घेऊन त्याच दिवशीं घरीं परततात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असे उपचार सरकारकडून मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे, आणि रुग्णाची माहिती गुप्त राखणें बंधनकारक केलें आहे. ज्यांस तेथवर जाण्याचा संकोच वाटतो त्यांच्याकरितां ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा किंवा रात्रीं केव्हांही फोन करावा. तेथें मराठींत बोलतां येतें, आणि पैसे पडत नाहींत.